लाव्रिओ : अथेन्सची चांदी जिथून निघाली ते बंदर

सांजवात (धागाकर्ती)

ऑगस्टच्या शेवटी आम्ही दोघं ग्रीसला गेलो होतो. अथेन्सहून बसने लाव्रिओ आणि तिथून तासाभराच्या बोटीने केआ बेट, असा बेत होता. धक्क्यावर पोचलो तर सगळ्या बोटी दोरखंडांनी जखडून उभ्या. तिकिटवाल्या बाईंनी एकच शब्द सांगितला, 'अपागोरेफ्तिको'. वारा फार असल्यामुळे बंदर खात्याने बोटी सोडायला मनाई केली होती. हा उन्हाळ्यात उत्तरेकडून सुटणारा मेल्तेमी वारा. आकाश निळंशार, ऊन लख्ख, आणि समुद्र मात्र पांढरा फेसाळलेला. दोन दिवस तो काही पडला नाही, आणि आम्ही लाव्रिओतच राहिलो.

आता वाटतं, बरं झालं. अथेन्सहून सूनिओनच्या भूशिरावरचं पोसायडनचं देऊळ आणि सूर्यास्त बघायला रोज बसगाड्या भरून लोक येतात. लाव्रिओ तिथून जेमतेम नऊ-दहा किलोमीटरवर आहे, पण इथे उतरणारे थोडेच. गाव छोटं. एक चौक, माशांचा बाजार, समुद्राकाठी खाणावळी, आणि मागे टेकड्यांवर जुन्या कारखान्यांची धुराडी. पहिल्या दिवशी मला ती धुराडी विद्रूप वाटली. दुसऱ्या दिवशी कळलं की ती फार लांबलचक गोष्टीचं अलीकडचं टोक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेला दोन-तीन किलोमीटरवरच्या थोरिकोसला गेलो. तिथे एक नाट्यगृह आहे. ग्रीक नाट्यगृह म्हटलं की अर्धवर्तुळ डोळ्यांसमोर येतं, पण याच्या पायऱ्या मध्ये जवळजवळ सरळ जातात आणि दोन्ही टोकांना वळतात. एपिडॉरससारख्या रेखीव नाट्यगृहांच्या खूप आधीचं, इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकाच्या सांध्यावरचं हे काम. आज उभ्या असलेल्या सगळ्यात जुन्या नाट्यगृहांत याची गणना होते. पायऱ्यांवर बसले आणि मान वळवली तर बाजूच्या टेकडीत खाणीचं तोंड! नाट्यगृहाला खेटून खाण, खाणीला खेटून खनिज धुण्याची जागा, आणि पुढे घरं. कामाची जागा आणि करमणुकीची जागा इतकी जवळजवळ मी कुठेच पाहिली नव्हती. समोर समुद्र, आणि समुद्रात लांबच लांब ओसाड मॅक्रोनिसोस बेट.

या टेकड्यांत शिशाचं खनिज आहे आणि त्या शिशात चांदी. ब्राँझयुगापासून माणसं ते खणत आली. इ.स.पू. 483 च्या सुमारास मॅरोनिया नावाच्या जागी मोठा साठा लागला आणि अथेन्सच्या तिजोरीत एकदम 100 टॅलेंट चांदी आली. टॅलेंट म्हणजे साधारण 26 किलो, तेव्हा अडीच टनांहून जास्त. नागरिकांत माणशी दहा द्राख्म वाटून टाकावेत असं घाटत होतं. थेमिस्टोक्लीस हा अथेन्सचा नेता उभा राहिला आणि म्हणाला, वाटू नका, जहाजं बांधा. त्याने कारण पुढे केलं ते शेजारच्या एजिना बेटाशी चाललेल्या वैराचं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस जहाजांचा आकडा 200 देतो, ऍरिस्टॉटलच्या नावे असलेल्या ग्रंथात तो 100 आहे. इ.स.पू. 480 मध्ये सॅलमिसच्या खाडीत इराणी आरमाराशी गाठ पडली, तेव्हा ग्रीकांच्या बाजूची निम्म्याच्या आसपास जहाजं एकट्या अथेन्सची होती.

शाळेत सॅलमिस शिकले तेव्हा ती जहाजं कुठून आली हे मी कधी विचारलंच नाही. त्या पायऱ्यांवर बसून उत्तर मिळालं. इथल्या खाणी, धातुकाम किंवा आजचं गाव यांबद्दल कुणाला माहिती असेल तर जरूर लिहा. मी पुरती गुंतले आहे.

---

रानजाई

ताई, फार सुंदर. आम्ही 2019 मध्ये सूनिओनला गेलो होतो, लाव्रिओचा फलक बघितल्याचं आठवतंय. बस थांबली नाही, आम्हीही विचारलं नाही. हळहळ वाटते आहे.

एक शंका. अथेन्सच्या चांदीच्या नाण्यावर घुबड असतं ना? आपल्याकडेही घुबड लक्ष्मीचं वाहन मानतात. काही संबंध असेल का?

---

शिलालेख

रानजाई, संबंध नाही. घुबड हे अथीना देवीचं. नाण्याच्या एका बाजूला तिचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि 'अथे' ही अक्षरं. चार द्राख्मांच्या या नाण्याचं वजन 17 ग्रॅमच्या थोडं वर. लोक त्याला घुबडच म्हणत. ऍरिस्टोफेनिसच्या एका नाटकात नाट्यस्पर्धेच्या परीक्षकांना आश्वासन मिळतं की लाव्रिओची घुबडं तुमच्या घरी राहतील, तुमच्या बटव्यात घरटी करतील आणि चिल्लर नाण्यांची पिल्लं काढतील. खाणीचं नाव रंगमंचावरून घेतलं की सगळ्या गावाला कळत होतं, यातच सगळं आलं.

चांदी शुद्ध म्हणून ही नाणी दूरवर चालत. काबूलला 1933 मध्ये सापडलेल्या साठ्यातही अथेन्सची नाणी होती. ताईंनी सांगितलेल्या 100 टॅलेंटांची अशी दीड लाख घुबडं होतात.

---

सराफकट्टा

आमचं घराणं कोल्हापूरच्या गुजरीतलं, म्हणून धातुकामाबद्दल लिहितो.

लाव्रिओचं मुख्य खनिज गॅलिना, म्हणजे शिसं आणि गंधक. आपल्याकडे सुरम्यासाठी कुटत तोच काळा, चकाकणारा, हाताला जड दगड. त्यात चांदी डोळ्यांना दिसत नाही. आधी खनिज भट्टीत घालून शिसं काढायचं, मग त्या शिशातून चांदी. टनभर शिशामागे किलो-दोन किलो चांदी मिळाली तर खाण चांगली.

चांदी वेगळी करायची रीत अशी. शिसं उथळ, सच्छिद्र भांड्यात वितळवायचं आणि वरून भात्याने वारा घालत राहायचं. हजार अंशांच्या जवळपासच्या आचेला शिशाचा हवेशी संयोग होऊन मुर्दाडशिंग तयार होतं. ते भांड्यात मुरतं किंवा वरून ओढून काढता येतं. चांदीला हवा काही करत नाही, ती मागे उरते. सगळं शिसं गेलं की तळाशी चांदीचा गोळा. आमच्या आजोबांच्या वेळी भेसळीची चांदी गाळायला हीच रीत होती, मापं तेवढी लहान.

पण ताई, मला जास्त थक्क केलं ते खनिज धुण्याच्या जागेने. भट्टीत जाण्याआधी दगड कुटून, दळून, पाण्याने धुवायचा, म्हणजे हलकी माती वाहून जाते आणि जड गॅलिना मागे राहतं. आपले झारेकरी सोनाराच्या दुकानातला केर धुऊन सोन्याचे कण काढतात, तेच तत्त्व. फक्त झारेकऱ्याला नदी असते. लाव्रिओच्या टेकड्यांत नदी नाही, उन्हाळ्यात पाऊस नाही. त्यांनी काय केलं? पावसाचं पाणी साठवायला मोठमोठे हौद खोदले. धुण्याच्या फरशीच्या डोक्याला एक टाकी, तिला ओळीने भोकं, त्यातून धारा सुटतात, उतारावर खनिज धुतलं जातं. पाणी फरशीभोवतीच्या पन्हळीतून फिरतं, वाटेतल्या खड्ड्यांत गाळ सोडतं आणि फिरून टाकीपाशी येतं. तिथून उपसून पुन्हा वर. तेच पाणी, पुन्हा पुन्हा. हौदांना आतून गिलावा केलेला आहे, आणि तो अजून टिकून आहे.

---

रानजाई

झारेकरी हा शब्द कितीतरी वर्षांनी वाचला. आमच्या गावी सराफ आळीच्या गटारापाशी ते बसलेले असत.

---

शिलालेख

सराफदादांनी यंत्रणा सांगितली, मी माणसांबद्दल लिहितो. शाळेत इतिहास शिकवतो, आणि हा भाग शिकवताना दरवेळी थांबावंसं वाटतं.

जमिनीखालची संपत्ती नगरराज्याची. राज्य खाणी ठरावीक मुदतीने भाड्याने देई आणि त्या करारांची नोंद दगडावर कोरून ठेवी. असे इ.स.पू. चौथ्या शतकातले कोरीव करार अथेन्सच्या अगोरात, म्हणजे बाजारचौकात, सापडले आहेत. भाडेकरू नागरिक. खाली उतरणारे बहुतेक सगळे गुलाम.

अथेन्सचा लेखक झेनोफन लिहितो की सेनापती निकियसचे 1000 गुलाम खाणीत होते. ते त्याने सोसियास नावाच्या थ्रेसच्या माणसाला भाड्याने दिले होते. भाडं दर माणसामागे दर दिवशी एक ओबोल, म्हणजे द्राख्माचा सहावा भाग. शिवाय अट अशी की माणसांची संख्या कायम 1000 राहिली पाहिजे. माणूस मेला की त्याच्या जागी दुसरा. झेनोफन हे तक्रार म्हणून सांगत नाही. राज्यानेही असे गुलाम विकत घेऊन भाड्याने द्यावेत, म्हणजे उत्पन्न वाढेल, असा त्याचा सल्ला आहे.

बोगदे बहुतेक ठिकाणी मीटरभरही उंच नाहीत. गुडघ्यांवर किंवा आडवं पडून काम. काही विहिरी 100 मीटरहून खोल. भिंतींत तेलाचे दिवे ठेवायला कोनाडे आहेत.

इ.स.पू. 413 मध्ये स्पार्टाने अथेन्सजवळ डेसेलिया इथे ठाणं बसवलं. त्यानंतर 20,000 हून जास्त गुलाम अथेन्समधून पळाले, असं इतिहासकार थ्युसिडायडीस लिहितो. ते सगळे खाणीतले नव्हते, पण खाणींचं काम त्या काळात कोलमडलं. नंतर इ.स.पू. 100 च्या सुमारास खाणीतल्या गुलामांनी रखवालदार मारले आणि सूनिओनचा किल्लाच ताब्यात घेतला. आज लोक जिथे सूर्यास्ताचे फोटो काढतात, तीच जागा.

---

बाभूळझाड

माहितीपूर्ण धागा. पण एक सांगतो, राग नसावा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना आजची फूटपट्टी लावून काय मिळतं? गुलामी तेव्हा सगळीकडे होती, इराणच्या साम्राज्यातही आणि स्पार्टातही. लोकशाही, नाटक, तत्त्वज्ञान मात्र अथेन्समध्ये झालं. सॅलमिसला हरले असते तर यातलं किती उरलं असतं? त्या आरमाराची वल्ही मारणारे बहुतेक गरीब नागरिक होते आणि त्यातूनच त्यांचं राजकारणातलं वजन वाढलं, हेही सांगायला हवं.

---

सांजवात

बाभूळझाड, राग कसला. वल्हेकऱ्यांचा मुद्दा अगदी बरोबर आहे आणि माझ्या लेखात तो राहिला. एका त्रायरीम जहाजाला 170 वल्हेकरी लागत. ज्याच्याकडे घोडा नाही, चिलखत नाही, तो माणूस जहाजामुळे नगराला आवश्यक झाला.

पण मी फूटपट्टी लावत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की दोन्ही गोष्टी एकाच टेकडीतून निघाल्या. मतदान करणाऱ्या वल्हेकऱ्याचं जहाज आणि निकियसचा रोजचा ओबोल यांची चांदी एकच. अथेन्समध्ये ऍक्रोपोलिस बघताना मला फक्त पहिली गोष्ट दिसली होती. दुसरी दिसायला लाव्रिओला यावं लागलं, तेही वाऱ्याने अडवलं म्हणून.

---

शिलालेख

बाभूळझाड, तुमच्या प्रश्नाला आणखी एक उत्तर आहे, आणि ते खाणीतल्या माणसाचंच आहे.

लाव्रिओच्या परिसरात इ.स.पू. चौथ्या शतकातला एक थडग्याचा दगड सापडला. त्यावर कवितेत मजकूर आहे. माणसाचं नाव अतोतास, काम खाणकाम, मूळ मुलूख काळ्या समुद्राकाठचा पॅफ्लागोनिया. मायभूमीपासून दूर माझ्या देहाने कष्टांतून विसावा घेतला, असं तो सांगतो. कौशल्यात माझी बरोबरी कुणी केली नाही, असंही म्हणतो. आणि आपलं कूळ थेट ट्रॉयच्या युद्धात अकिलिसच्या हातून पडलेल्या पायलेमेनीस राजापर्यंत नेतो. तो गुलाम होता की सुटका झालेला, यावर मतं वेगवेगळी आहेत. पण परक्या देशातल्या खाणीत आयुष्य गेलं तरी कौशल्याचा आणि कुळाचा अभिमान त्याने दगडावर कोरून घेतला. हजारोंमधलं हे एक नाव. त्याला मोजायला त्याचीच फूटपट्टी पुरे.

---

बाभूळझाड

अतोतास. हे माहीत नव्हतं. आभार, सर. माझा मुद्दा मी मागे घेत नाही, पण हा दगड डोक्यातून जाणार नाही.

---

डेकवरचा

तेहतीस वर्षं जहाजांवर इंजिनरूममध्ये काढली, आता रत्नागिरीला असतो. केआच्या खाडीतून किती वेळा गेलो त्याची गणती नाही, पण लाव्रिओच्या धक्क्याला एकदाच लागलो.

सांजवातताई, मेल्तेमीला हलकं समजू नका. आपल्याकडे वादळ येतं ते काळं आभाळ घेऊन, सांगून-सवरून. मेल्तेमी स्वच्छ उन्हात येतो, म्हणून नवखा माणूस फसतो. लाव्रिओचं बंदर टिकलं याचं मोठं कारण समोरचं मॅक्रोनिसोस. ते आडवं पडलेलं असल्यामुळे पूर्वेकडची लाट गावापर्यंत पोचत नाही.

त्या बेटाबद्दल एक सांगतो. ट्रॉयहून परतताना हेलन तिथे उतरली होती असं जुने लोक म्हणत, म्हणून त्याला हेलनचं बेट असंही नाव होतं. ग्रीसच्या यादवी युद्धात 1947 पासून तिथे छावण्या उघडल्या. डाव्या विचारांच्या सैनिकांना आणि नंतर इतर कैद्यांना तिथे नेऊन, मारहाण करून, 'मी विचार बदलले' अशा कागदावर सह्या घेत. कवी यान्निस रित्सोस आणि संगीतकार मिकिस थिओडोराकिस दोघंही तिथे होते. तिथे पाणी नाही, सावली नाही, फक्त तो वारा. आमच्या जहाजावरचा ग्रीक बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, त्या बेटाजवळून जाताना बोलणं थांबवायचा. त्याचे वडील तिथे होते. आम्ही कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही. 1989 मध्ये सरकारने बेटाला ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केलं.

आणि त्याच पाण्यात, केआजवळ, टायटॅनिकची बहीण ब्रिटानिक आहे. पहिल्या महायुद्धात ती रुग्णालय-जहाज होती. 21 नोव्हेंबर 1916 ला सुरुंग लागला आणि 55 मिनिटांत बुडाली. हजाराहून जास्त माणसं वाचली, 30 गेली. समुद्रतळाचा शोध घेणाऱ्या फ्रेंच कुस्तोने तिला 1975 मध्ये शोधलं. साधारण 120 मीटरवर आडवी पडून आहे.

---

ऑलिव्हची_फांदी

लग्नानंतर गेली अकरा वर्षं अथेन्सला आहे. माझ्या सासूबाईंचं माहेर लाव्रिओचं, त्यामुळे हा धागा वाचून अगदी भरून आलं. 'अपागोरेफ्तिको' इथे मुलांनासुद्धा माहीत असतो. पावसामुळे शाळेला सुट्टी मिळावी तसा.

आजचं गाव कसं झालं ते सांगते. प्राचीन खाणी मंदावल्या, आणि रोमन काळातल्या स्ट्रॅबो या भूगोलकाराच्या वेळेपर्यंत लोक जुनाच मळ, म्हणजे धातू काढून उरलेला भट्टीतला कचरा, पुन्हा भट्टीत घालत होते. मग शतकानुशतकं इथे फारसं काही नव्हतं. 1864 मध्ये जिओव्हानी बत्तिस्ता सेर्पिएरी हा इटालियन आला. सार्डिनियात रोमन काळातला भट्टीचा मळ वितळवून त्यातलं शिसं काढायचा त्याला अनुभव होता. लाव्रिओत तर तसल्या मळाचे डोंगर! त्याने भट्ट्या लावल्या, आणि त्यांच्याभोवती वस्ती उभी राहिली. गावाला तेव्हा एर्गास्तिरिया म्हणत, म्हणजे कारखाने. मिलोसहून, मानीहून, इटलीहून, स्पेनहून कामगार आले. एका वस्तीचं नाव अजून स्पॅनिओलिका आहे.

मग सरकार म्हणालं, भट्टीच्या मळाचं ठीक, पण खाणींच्या तोंडाशी प्राचीनांनी टाकून दिलेल्या कमअस्सल खनिजाचे ढीग आमचे. फ्रान्स आणि इटली कंपनीच्या बाजूने उभे राहिले, प्रकरण युद्धाच्या धमक्यांपर्यंत गेलं. शेवटी 1873 मध्ये सिंग्रोस या सावकाराने कंपनी घेतली आणि शेअर विकायला काढले. त्या ढिगांत सोनं आहे अशी बोलवा उठली. अथेन्समध्ये लोकांनी घरदार मोडून शेअर घेतले. भाव चढला आणि कोसळला. सामान्य माणसं बुडाली. सासूबाईंच्या आजोबांच्या तोंडी हे होतं म्हणे, 'लाव्रिओचा कागद' म्हणजे कशाच्याही कामाचा नाही असा कागद. सेर्पिएरीने पुढे दुसरी, फ्रेंच कंपनी काढली. चौकात त्याचा पुतळा आहे. मला तो पुतळा आवडत नाही. 1896 च्या संपात इथे कामगार मारले गेले. चौकात पहिला मान त्यांचा असायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

1922 नंतर आशिया मायनरचे निर्वासित आले. अथेन्सहून 1885 मध्ये आलेली रेल्वे 1957 मध्ये बंद झाली. मग खाणी, मग कारखाने. फ्रेंच कंपनीच्या आवारात आता अथेन्सच्या तंत्रविद्यापीठाचं उद्यान आहे. जुन्या इमारती जपून त्यात कार्यशाळा आणि छोट्या कंपन्या चालतात.

एक गोष्ट पर्यटकांना कुणी सांगत नाही. हजारो वर्षांचं शिसं मातीत आहे. मुलांच्या रक्तात शिसं जास्त आढळल्यावर इथे बरंच संशोधन झालं. उद्यानाच्या जागेतली आर्सेनिकयुक्त माती वेगळी काढून बंदिस्त करावी लागली. सासूबाईंच्या माहेरी अंगणात भाजी लावत नाहीत. माती बाहेरून आणून कुंड्यांत लावतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हौसेने मेथी पेरायला निघाले होते, त्यांनी हात धरून थांबवलं.

एवढं वाचून गावाला नाव ठेवू नका. समुद्रकाठच्या खाणावळीत बसा, तळलेले छोटे मासे मागवा.

---

सराफकट्टा

ऑलिव्हताई, मेथीचं वाचून गलबललं. शिशाचा धूर काय करतो हे आमच्या आळीतल्या जुन्या माणसांनी पाहिलेलं आहे. त्या गुलामांच्या वाट्याला तर धूळ आणि धूर दोन्ही.

लाव्रिओचा भट्टीतला मळ समुद्रात पडायचा. खाऱ्या पाण्याने दोन हजार वर्षं त्याच्यावर काम केलं आणि त्याच्या पोकळ्यांत नवीन खनिजं तयार झाली, सुईसारखे बारीक स्फटिक. त्यातल्या एकाला गावाच्या नावावरून लॉरियोनाइट म्हणतात. 1887 मध्ये त्याचं वर्णन झालं. गावातल्या खनिज-संग्रहालयात बघायला मिळेल का?

---

सांजवात

हो, सराफदादा. संग्रहालय लहान आहे, पण अर्धा दिवस सहज जातो. भिंग मागून घ्या.

---

रानजाई

आम्ही पुढच्या मे महिन्यात परत जातोय. आई सोबत असेल, वय बहात्तर. थोरिकोस जमेल का?

---

ऑलिव्हची_फांदी

मे उत्तम. नाट्यगृहापर्यंत काकूंना जमेल, गाडी बरीच जवळ जाते. वर टेकडीवर चढू नका. सावली अजिबात नाही, सकाळी लवकर जा, टोपी आणि पाणी घ्या. अथेन्सहून लाव्रिओची बस पेदिओन तू आरेओस बागेजवळून सुटते. लाव्रिओहून थोरिकोसला टॅक्सी करा आणि परत न्यायला यायची वेळ त्याच चालकाशी ठरवून ठेवा. मला निरोप टाका, जमलं तर मी येईन.

---

सराफकट्टा

काल रात्री हा सगळा धागा बाबांना वाचून दाखवला. ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत. मी विचारलं, थर्मामीटर नाही, काही नाही, मग शिसं संपलं हे त्या माणसांना कसं कळत असेल?

बाबा म्हणाले, जसं आम्हाला कळायचं तसंच. शेवटी गोळ्यावर रंग धावतात, पाण्यावर तेल पडल्यावर धावतात तसे. मग ते जातात आणि चांदी एकदम लखकन उजळते. तो क्षण गाठायचा आणि वारा थांबवायचा. त्यासाठी डोळा लागतो, तो दहा वर्षांनी येतो. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, त्या दगडावरच्या माणसाचं नाव काय म्हणालास?